शैली हातातून उतरते

ग्राफिक डिझायनरची मुलाखत असली की एक प्रश्न हमखास येतो: तुमची प्रेरणा कोणती? उत्तरंही ठरल्यासारखी असतात. कुणी निसर्गाचं नाव घेतं, कुणी प्रवासाचं, कुणी गुरूंचं. ती खोटी नसतात, पण त्यांतून आपल्या हाती काही लागत नाही. निसर्ग सगळ्यांनीच पाहिलेला असतो. तरी एकाचं मुखपृष्ठ दुकानाच्या दारातूनच ओळखू येतं आणि दुसऱ्याचं शंभरांत हरवून जातं, ते का, हे कळायचं राहूनच जातं. या पुस्तकासाठी डिझायनरांची कामं, आठवणी आणि भाषणं वाचत असताना मला हळूहळू दुसराच प्रश्न जास्त उपयोगी वाटू लागला. शिकायच्या वयात या माणसाच्या हातात काय होतं? टाक, कुंचला, सुई की कोरणी? त्याच्या वाट्याला कागद केवढा आला आणि शाई किती रंगांची परवडत होती? याची उत्तरं मिळाली की त्या माणसाच्या रेषेचा स्वभाव उलगडू लागतो. पुढची सगळी प्रकरणं याच प्रश्नाच्या मागे गेलेली आहेत.

सुरुवात एडवर्ड जॉन्स्टनपासून केली आहे, कारण त्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. जॉन्स्टन १८७२ साली उरुग्वेमध्ये जन्मला आणि लहानपणीच घरच्यांबरोबर ब्रिटनमध्ये आला. एडिंबरोला त्यानं वैद्यकाचा अभ्यास सुरू केला होता, पण तब्येत साथ देईना म्हणून तो सोडला. पुढे लंडनमध्ये विल्यम लेथबी या वास्तुरचनाकाराशी त्याची गाठ पडली. लेथबीनं त्याला ब्रिटिश म्युझियममधली जुनी हस्तलिखितं पाहायला लावली. जॉन्स्टननं ती डोळ्यांनी पाहिलीच, पण शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या लेखनिकांनी टाक कसा कापला असेल, किती अंशांत धरला असेल, हेही त्यानं स्वतः टाक कापून, लिहून शोधून काढलं. रुंद टोकाचा टाक एका कोनात स्थिर धरला की अक्षराची जाड-बारीक रेघ आपोआप पडते, लिहिणाऱ्याला ती वेगळी रंगवावी लागत नाही. हे ज्ञान इंग्लंडमध्ये जवळजवळ लोपलेलं होतं. १८९९ पासून तो ते शिकवू लागला आणि १९०६ साली त्यावर त्यानं लिहिलेलं पुस्तक आजही सुलेखनाच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर दिसतं.

अशा या टाकाच्या माणसाकडे १९१३ साली लंडनच्या भुयारी रेल्वेचा फ्रँक पिक आला. फलाटावर जाहिरातींची एवढी गर्दी झाली होती की स्थानकाचं नाव त्यांत सापडेना. पिकला असं अक्षर हवं होतं, जे जाहिरातीपासून एका नजरेत वेगळं कळेल आणि विसाव्या शतकाचं वाटेल. १९१६ साली जॉन्स्टननं ते दिलं. त्यात जाड-बारीक नाही, टोकांना पाय नाहीत, सगळी रेघ सारख्या जाडीची. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्यानं आयुष्य दिलं होतं, ती टाकाची खूणच त्यानं पुसून टाकली असं वरवर पाहता वाटेल. पण अक्षरांची मापं पाहा. मोठी अक्षरं प्राचीन रोमन शिलालेखांच्या प्रमाणात बसवलेली आहेत, ‘ओ’ पूर्ण वर्तुळ आहे. आणि लहान ‘आय’वरचा ठिपका गोल नाही, चौकोनी आहे, तोही एका कोपऱ्यावर उभा. रुंद टोकाचा टाक कागदावर टेकवून किंचित सरकवला की नेमका तसाच ठिपका उमटतो. यंत्रयुगासाठी घडवलेल्या त्या अक्षरात हस्तलिखिताचा हात तेवढ्या ठिपक्यापुरता शिल्लक राहिला. १९७९ च्या सुमाराला एइची कोनो या जपानी डिझायनरनं ही अक्षरं नव्या गरजांसाठी पुन्हा रेखाटली, तेव्हा तो ठिपका त्यानंही तसाच ठेवला.

मराठी वाचकाला हे समजायला सोपं आहे, कारण आपल्याकडे बोरू होता. शाळेत बोरूनं कित्ता गिरवलेली पिढी अजून काही घरांत आहे. बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं आणि देवनागरीसाठी त्याचा कल रोमन टाकाच्या उलट असतो. रोमन अक्षरात वरून डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड पडते, आपल्याकडे उजवीकडून डावीकडे उतरणारी. एवढ्याशा फरकानं दोन्ही लिप्यांचा तोलच बदलतो. रोमन फॉन्टवर बेतलेलं देवनागरी अक्षर डोळ्याला खटकतं, पण का खटकतं ते सांगता येत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्याचं कारण बरेचदा या कलात असतं. उजळणीच्या वहीतला तो कल माहीत नसलेला माणूस पडद्यावर कितीही कौशल्यानं वक्ररेषा ओढो, जाडी चुकीच्या जागी जाते.

सत्यजित राय यांच्यावरचं प्रकरण या पुस्तकातलं सर्वांत लांब आहे आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही. चित्रपटकार म्हणून त्यांच्याविषयी भरपूर लिहिलं गेलं. मुखपृष्ठकार आणि अक्षरकार म्हणून बंगालबाहेर त्यांची ओळख फार कमी आहे. राय यांचा जन्म १९२१ चा. आजोबा उपेंद्रकिशोर हे लेखक, चित्रकार आणि मुद्रणतज्ज्ञ. हाफटोन ब्लॉकवरचे त्यांचे शोधनिबंध इंग्लंडच्या मुद्रणविषयक वार्षिकात छापून येत होते. वडील सुकुमार मुद्रण आणि छायाचित्रण शिकायला १९११ मध्ये इंग्लंडला गेले होते. सत्यजित अडीच वर्षांचे असताना सुकुमार गेले आणि पुढे काही वर्षांत छापखानाही गेला. पण गारपार रोडवरच्या ज्या घरात त्यांची पहिली वर्षं गेली, तिथं राहणं आणि छपाई एकाच छपराखाली होती. ब्लॉक कसा बनतो, हे या मुलानं वर्णमालेच्या वयात पाहिलं.

१९४० साली ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. तिथं नंदलाल बोस होते, आणि विनोदबिहारी मुखर्जी होते, ज्यांच्याकडून सुलेखनाची आणि पूर्वेकडच्या कुंचल्याची गोडी त्यांना लागली. विद्यार्थी असतानाच त्यांनी अजिंठा, वेरूळ, घारापुरी पाहिली. अभ्यासक्रम अर्धा सोडून ते कलकत्त्याला परतले आणि १९४३ मध्ये डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात संस्थेत ऐंशी रुपये पगारावर रुजू झाले. त्याच सुमारास दिलीपकुमार गुप्तांनी सिग्नेट प्रेस काढली आणि मुखपृष्ठांचं काम राय यांच्याकडे आलं. माझ्या मते भारतीय पुस्तकाच्या मांडणीचा नवा काळ इथून सुरू होतो. जिम कॉर्बेटच्या कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तकाच्या बंगाली आवृत्तीचं मुखपृष्ठ घ्या. दर्शनी भागावर वाघाचं पट्टेरी कातडं आणि त्यात गोळीचं लहान भोक. मागच्या बाजूला गोळी बाहेर पडते ते भोक मोठं. म्हणजे गोळी पुस्तकातून आरपार गेलेली आहे. पुस्तक ही हातात धरायची, उलटायची, जाडी असलेली वस्तू आहे, हे छापखान्याच्या घरात वाढलेल्या माणसाला शिकवावं लागलं नाही.

कुंचल्याचा परिणाम पाहायचा असेल तर ‘एक्षण’ या बंगाली नियतकालिकाची मुखपृष्ठं एकापुढे एक मांडावीत. बंगाली लिपीत हे नाव तीनच अक्षरांचं. राय वर्षानुवर्षं अंकागणिक तीच तीन अक्षरं नव्यानं रचत राहिले. कधी ती कुंचल्याच्या तीन फटकाऱ्यांत येतात, कधी कोरलेल्या लाकडासारखी बसतात, कधी इतकी भूमितीय होतात की वाचायला क्षणभर थांबावं लागतं. विषय नाही, चित्र नाही, केवळ अक्षर. एवढ्या अरुंद जागेत इतकी वर्षं न कंटाळता काम करणं, याला मी त्यांच्या चित्रपटांइतकंच मानतो. त्यांनी ‘रे रोमन’, ‘रे बिझार’ असे रोमन टंकही घडवले, आणि ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीसाठी त्यांनी काढलेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रांतूनच पुढच्या चित्रपटाचं बीज पडलं. चित्रपटाकडे जाण्याची त्यांची वाट मुखपृष्ठावरून गेली.

आता मुंबईकडे. कमल शेडगे यांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. तरुण वयात ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कलाविभागात शिरले आणि वृत्तपत्राच्या घाईगर्दीत शिकले. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’, ‘गारंबीचा बापू’ अशा नाटकांची त्यांनी लिहिलेली नावं मराठी माणसाच्या डोळ्यांत इतकी पक्की बसली आहेत की दुसऱ्या वळणात ती नावं परकी वाटतात. त्यांच्या प्रेरणेची चर्चा करताना लोक नाटकाच्या संहितेबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे, शीर्षकात नाटकाचा पिंड उतरला पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. पण मला त्या जाहिरातीची जागा महत्त्वाची वाटते. वृत्तपत्रातला अरुंद स्तंभ, एकच काळी शाई, शाई पिऊन टाकणारा खरखरीत कागद, आणि अवतीभवती आणखी दहा नाटकांच्या तशाच जाहिराती. अशा कागदावर नटाचा फोटो काळवंडतो, नाजूक रेघ बुजते. टिकतं ते ठोस काळं आणि स्वच्छ पांढरं. त्यामुळे नाटकाचा सगळा भाव अक्षरावरच येऊन पडला.

शेडग्यांनी ती अडचणच कामाला लावली. शिरोरेषा कुठं तोडायची, काना किती खाली ओढायचा, वेलांटीनं कुणाला कवेत घ्यायचं, हे त्यांचे निर्णय फार धीट आहेत, आणि तरीही नाव धावत्या नजरेला वाचता येतं. काळ्या अक्षराइतकंच ते दोन अक्षरांमधलं पांढरं घडवत. ‘माझी अक्षरगाथा’ या पुस्तकात त्यांनी आपलं काम मांडलं आहे. ते पाहताना एक गोष्ट ध्यानात येते, की रंगीत छपाई सर्रास झाल्यानंतरच्या कामापेक्षा त्यांची जुनी काळी-पांढरी शीर्षकं जास्त काळ मनात राहतात. हे माझं मत आहे, पण ते मी आग्रहानं मांडतो. २०२० च्या जुलैमध्ये शेडगे गेले.

सुई हातात असलेल्या डिझायनरचं प्रकरण आकाराने लहान आहे. सुझन केअर ही शिल्पकार. आर्कान्सामधल्या एका संग्रहालयासाठी ती रानडुकराचं पूर्णाकृती शिल्प करत होती, तेव्हा शाळेतल्या मित्राचा, अँडी हर्ट्झफेल्डचा फोन आला. तो ॲपलमध्ये मॅकिंटॉश संगणकावर काम करत होता आणि त्याला पडद्यासाठी छोटी चित्रं हवी होती. केअरला संगणकाची माहिती नव्हती. तिनं चौकटींची वही विकत घेतली आणि बत्तीस गुणिले बत्तीस अशा एक हजार चोवीस घरांतली काही काळी करत ती चित्रं काढू लागली. आईनं तिला लहानपणी कापडाचे धागे मोजून करायचं भरतकाम शिकवलं होतं. आपल्याकडे दुसुतीवर फुल्या घालून मोर, तुळशीवृंदावन काढणाऱ्या बायकांना हेच गणित पाठ असे: वक्र रेघ काढायची सोय नाही, घरं मोजून ती भासवायची. १९८४ च्या जानेवारीत मॅकिंटॉश आला, तेव्हा त्याच्या पडद्यावरचा हसरा संगणक, कचऱ्याचा डबा ही त्या मोजणीची फळं होती. संगणकतज्ज्ञांच्या खोलीत हे कौशल्य नव्हतं. ते शिवणाच्या डब्यातून आलं.

इथवर वाचून वाचकाला वाटेल की हातानं काम शिकलेला तोच खरा, असं मला म्हणायचं आहे. तसं नाही, आणि म्हणून विम क्रौवेलचं प्रकरण पुस्तकात घातलं. क्रौवेल हा डच डिझायनर, ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमसाठी काटेकोर चौकटींवर बेतलेल्या पोस्टरांमुळे ओळखला जाणारा. साठच्या दशकात जर्मनीतल्या प्रदर्शनात त्यानं पहिली इलेक्ट्रॉनिक अक्षरजुळणी पाहिली. पडद्यावरच्या ठिपक्यांनी जुन्या अक्षरांच्या वक्ररेषांचे लचके तोडलेले त्याला दिसले. १९६७ मध्ये त्यानं उत्तर म्हणून नवी वर्णमालाच मांडली, उभ्या-आडव्या रेघांची, कोपरे फक्त तिरके छाटलेले, वक्ररेषा एकही नाही. यातली काही अक्षरं ओळखूही येत नाहीत. यंत्राला अक्षर जमत नसेल तर अक्षरानंच बदलावं, हा विचार त्यानं शेवटापर्यंत नेऊन दाखवला. तो प्रत्यक्षात वापरला जावा, अशी त्याचीही अपेक्षा नव्हती.

हाच विचार मराठीत अगदी गंभीरपणे, वापरण्याच्या हेतूनं मांडला गेला होता. देवनागरीची छपाई म्हणजे शेकडो खिळ्यांचा पसारा, आणि लायनोटाइप यंत्राचा कळफलक नव्वद कळांचा. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली, त्यामागे छपाई सुटसुटीत व्हावी ही निकड होती. किर्लोस्कर मासिकांनी ती वापरलीही. जोडाक्षरं तोडून हलन्त लावणं, मात्रा बाजूला सरकवणं, असे किती तरी उपाय झाले. प्रत्येक वेळी वाकली ती लिपी.

र. कृ. जोशी यांनी उलट बाजू घेतली, आणि माझ्या लेखी या पुस्तकाचा नायक कुणी असेल तर तेच. सर ज. जी. उपयोजित कलासंस्थेतून १९५६ साली त्यांनी पदविका घेतली. उल्का या जाहिरात संस्थेत त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ कला-दिग्दर्शक म्हणून काम केलं, नंतर मुंबईच्या आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवलं. ते कवी होते. शब्दांची कागदावरची जागा हाच ज्यांचा अर्थ आहे, अशा कविता त्यांनी केल्या. भिंतीएवढ्या कागदांवर, लोकांसमोर, अख्खं शरीर वापरून अक्षरं लिहिण्याचे त्यांचे प्रयोग पाहिलेली माणसं अजून ते हावभावांसकट सांगतात. देशभर फिरून त्यांनी जुनी हस्तलिखितं पाहिली, लेखनिकांची साधनं जमवली, वेगवेगळ्या लिप्यांमधले आघात कोणत्या क्रमानं पडतात ते नोंदलं.

आणि हा बोरूचा माणूस साठीच्या उंबरठ्यावर संगणकाकडे वळला. ‘कि’ लिहिताना आपण आधी वेलांटी काढतो, पण उच्चारात आधी क येतो. संगणकाच्या स्मृतीत अक्षरं उच्चाराच्या क्रमानं ठेवायची आणि पडद्यावर मात्र डोळ्याला सवयीच्या जागी दाखवायची, ‘क्ष’, ‘द्ध’, ‘त्र’ आपोआप जुळवायची, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर बसवायचा, हे नियम फॉन्टच्या पोटात घालावे लागतात. ते घालायला लिपी आतून माहीत असावी लागते. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हे काम केलं, आणि विंडोज २००० पासून ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट जगभरच्या संगणकांत पोचला. छापील पानावर मंगल देखणा दिसत नाही, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि ती खरी आहे. तो घडला त्या काळच्या ढोबळ, ठिपकेदार पडद्यावर लहान आकारात वाचता येण्यासाठी. त्या कामी तो चोख होता. सरकारी कचेरीतल्या अर्जापासून परदेशातून आलेल्या पहिल्यावहिल्या मराठी ई-मेलपर्यंत किती मजकूर त्या अक्षरांतून गेला असेल! जोशी २००८ साली गेले. आज मुंबईच्या ‘एक टाइप’सारख्या संस्थांमधले डिझायनर ‘मोदक’सारखा गुबगुबीत टंक बेधडक करतात, ज्यात अक्षराच्या पोटातली पोकळी रेघेएवढीच उरते. यंत्र जोडाक्षर मोडणार नाही, ही खात्री त्यांना मिळाली ती आधीच्या पिढीच्या या खटपटीमुळे.

एक प्रकरण माझ्या प्रश्नात बसत नाही, तरी ते ठेवलं आहे. मार्गारेट कॅल्व्हर्ट आणि जॉक किनियर यांनी ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या खुणा घडवल्या, त्या १९६५ च्या जानेवारीपासून लागू झाल्या. शाळेजवळच्या जुन्या पाटीवर दप्तर घेतलेला, खानदानी शाळेतला वाटावा असा मुलगा पुढे होता. कॅल्व्हर्टनं त्याजागी धाकट्या मुलाचा हात धरून नेणारी मुलगी आणली आणि तिच्यासाठी स्वतःच्या बालपणीच्या फोटोचा आधार घेतला. जनावरांच्या पाटीवरची गाय नातेवाइकांच्या शेतावरची, पेशन्स नावाची. यात साधनाचा वाटा शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. एका तरुण बाईला पुढे चालणारी मुलगी दिसायला हवी होती, एवढंच. हा अपवाद लपवला असता तर पुस्तक नेटकं झालं असतं, पण खोटं झालं असतं.

दीनानाथ दलालांवर स्वतंत्र प्रकरण नाही, याची मला खंत आहे. मडगावात जन्मलेला हा चित्रकार १९४५ पासून स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढत होता आणि त्याच्या मुखपृष्ठांवर मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांची नजर घडली. पण त्यांच्या कामाला एक प्रकरण पुरणार नाही. दुसरी अडचण सगळ्यांच्याच बाबतीत आली. जाहिरातीचं किंवा मुखपृष्ठाचं मूळ आर्टवर्क ब्लॉक झाला की निरुपयोगी समजलं जाई. ते गोदामात पडे, रद्दीत जाई, त्याच्या पाठीवर पुढच्या कामाचं कच्चं चित्र निघे. म्हणून इथल्या पुष्कळ प्रतिमा छापील अंकांवरून घेतल्या आहेत. त्यांतली शाईची फूट, कागदाचा पिवळेपणा संगणकावर साफ केलेला नाही. नाटकांची शीर्षकं मोठी करून पानभर छापायचा मोह टाळला आहे. ती वृत्तपत्रातल्या मूळ मापातच दिली आहेत, कारण शेडग्यांनी ती त्याच मापासाठी लिहिली. ज्यांच्या घरी जुन्या दिवाळी अंकांची, नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं असतील, त्यांनी ती पुठ्ठ्यात, कोरड्या जागी ठेवावीत आणि कुणा अभ्यासकाला पाहू द्यावीत. दलालांवरचं काम तशा कात्रणांवरूनच सुरू करायचं आहे.